दगडातला गंधक, धुरातला गंधक

आपण महाराष्ट्रातली माणसं काळ्या दगडावर वाढलो. किल्ल्यांचे बुरूज या दगडाचे, घाटावरच्या जुन्या वाड्यांची जोती याची, अजिंठा-वेरूळची लेणी याच दगडाच्या पोटात कोरलेली. पाटा-वरवंटा याचाच, आणि कापसाची काळी मातीसुद्धा याच दगडाची झीज होऊन तयार झालेली. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडल्या, त्यांतून लाव्हा वाहत राहिला, थरावर थर साचले आणि दख्खनचं पठार तयार झालं. सह्याद्रीच्या उतारावर या थरांच्या पायऱ्या दिसतात. स्वीडिश भाषेत पायरीला, जिन्याला 'ट्रापा' म्हणतात. त्यावरून भूशास्त्रज्ञांनी या दगडाला 'ट्रॅप' असं नाव दिलं. दख्खनचा म्हणून तो 'डेक्कन ट्रॅप'.

या आपल्या कातळाचा एक थोरला भाऊ आहे. तो राहतो सैबेरियात, पार उत्तरेला. वयानं तो सुमारे पंचवीस कोटी वर्षांचा, म्हणजे आपल्यापेक्षा जवळजवळ चौपट जुना, आणि विस्तारानंही आपल्याहून कितीतरी मोठा. जातकुळी तीच, काळ्या बेसाल्टची. नावही तेच, 'सैबेरियन ट्रॅप'. पण थोरल्याच्या नशिबी एक गोष्ट आली, ती धाकट्याच्या आली नाही. त्याच्या पायथ्याशी निकेल, तांबं, प्लॅटिनम आणि पॅलॅडियम यांचा जगातला एक प्रचंड साठा दडलेला होता. त्या साठ्यावर आज नोरिल्स्क नावाचं शहर उभं आहे.

मी कवितेचा माणूस. खाणी आणि खनिजं हा माझा प्रांत नव्हे. या गावाचं नाव मला भेटलं ते कवितेच्याच वाटेनं. आन्ना आख्मातोवा या रशियन कवयित्रीचा मुलगा लेव्ह गुमिल्योव्ह १९३८ मध्ये पकडला गेला. लेनिनग्राडच्या तुरुंगाबाहेर इतर आयाबायांबरोबर ती सतरा महिने रांगेत उभी राहत होती. 'रेक्वियेम' ही तिची कविता त्या रांगेतून आली. मुलाचं पुढं काय झालं हे शोधताना कळलं की त्याला नोरिल्स्कच्या छावणीत धाडलं होतं. तिथं तो खाणीत राबला. एका कवयित्रीचं पोर ज्या दगडावर घाव घालत होतं, तो दगड कुठला, त्यात असं काय होतं, हे मला जाणून घ्यावंसं वाटलं. जे कळलं ते आज आपल्यापुढे मांडतो.

आधी या धातूंच्या नावांकडे पाहू. जर्मनीतल्या सॅक्सनी भागातल्या खाणकामगारांना तांब्यासारखा लालसर दिसणारा एक दगड सापडायचा. भट्टीत कितीही तापवला तरी त्यातून तांबं काही निघायचं नाही, उलट विषारी धूर मात्र निघायचा. हे एखाद्या खोडकर भुताचं काम, असं म्हणून त्यांनी त्या दगडाला 'कुप्फरनिकेल', म्हणजे निकेल भुताचं तांबं, असं नाव ठेवलं. १७५१ मध्ये स्वीडनच्या क्रोनस्टेट यांनी अशाच एका खनिजातून नवा धातू वेगळा काढला, तेव्हा तांबं गळून पडलं आणि भुताचं नाव तेवढं धातूला चिकटलं. प्लॅटिनमची गोष्टही अशीच. दक्षिण अमेरिकेत सोनं धुताना स्पॅनिश लोकांना पांढरट, जड कण मिळत. ते वितळायचे नाहीत, म्हणून त्यांना किंमत नव्हती. 'प्लाता' म्हणजे चांदी. त्यावरून हिणवून 'प्लातिना', म्हणजे चिल्लर चांदी, असं म्हटलं गेलं. ज्याला चिल्लर म्हटलं, तो पुढं सराफाच्या तिजोरीत जाऊन बसला.

हे धातू जमिनीत सगळीकडे आहेत, पण इतके विखुरलेले की त्यांचा उपयोग नाही. पृथ्वीच्या कवचाखाली जे जाड प्रावरण आहे, त्या खडकाच्या एक अब्ज भागांत प्लॅटिनमचे जेमतेम काही भाग असतात. म्हणजे हजार टन दगड फोडला तर हाती येणार काही ग्रॅम. खाण चालवायची तर एका टनात काही ग्रॅम हवेत. हे गोळा करण्याचं काम माणूस करू शकत नाही. ते निसर्गानं आधीच करून ठेवलेलं असावं लागतं.

आपल्याकडे सराफ बाजारात झारेकरी असत. सोनाराच्या दुकानापुढची माती झाडून न्यायची, ती पाण्यात धुवायची, आणि तळाशी राहिलेले सोन्याचे कण वेचायचे, हा त्यांचा धंदा. पृथ्वीच्या पोटात हे झारेकऱ्याचं काम करतो गंधक.

ते कसं होतं, पाहा. प्रावरणाचा काही भाग वितळतो आणि शिलारस तयार होतो. पुष्कळ वितळलं, तर निकेल, तांबं आणि प्लॅटिनमच्या घराण्यातले धातू त्या रसात उतरतात. हा रस वर चढू लागतो. त्यात थोडा गंधक विरघळलेला असतो. पण कुठल्याही रसात एखादी गोष्ट विरघळायला मर्यादा असते; सरबतात साखर जास्त झाली की ती तळाशी बसतेच. गंधक मर्यादेबाहेर गेला की तो लोखंडाला धरून रसातून वेगळा होतो आणि त्याचे थेंब बनतात. आमटीत फोडणीचं तेल मिसळत नाही, वेगळं राहतं, तसे हे थेंब वेगळे राहतात. फरक इतकाच की तेल वर तरंगतं आणि हे थेंब जड असल्यामुळे खाली बसतात.

आता खरी गंमत. निकेल आणि तांब्याला शिलारसापेक्षा गंधकाच्या थेंबाची ओढ शेकडो पटींनी जास्त असते. प्लॅटिनम आणि पॅलॅडियमची तर हजारो पटींनी. एक थेंब जितक्या जास्त रसातून फिरून येईल, तितका तो धातूंनी समृद्ध होतो. म्हणून नुसता रस साचून भागत नाही, तो वाहता लागतो. खालून ताजा रस येत राहिला, अरुंद वाटांतून सळसळत गेला, थेंबांना ढवळत राहिला, तर थेंब दर खेपेला थोडे अधिक धातू उचलतात. वाट जिथं रुंद होते, रसाचा वेग कमी होतो, तिथं हे जड थेंब तळाशी गोळा होतात. थंड होताना त्यांचीही फाळणी होते. लोखंड आणि निकेल असलेला भाग आधी गोठतो. तांबं, प्लॅटिनम आणि पॅलॅडियम उरलेल्या रसात साठत जातात आणि शेवटी गोठतात. म्हणून एकाच खाणीत इथं निकेलचा दगड, तिथं तांब्याचा, अशी वेगवेगळी दालनं सापडतात.

नोरिल्स्कला हे इतक्या मोठ्या प्रमाणावर का झालं? कारण शिलारसाच्या वाटेवर गंधकाचं कोठार होतं. ट्रॅपच्या कितीतरी आधी त्या जागी उथळ समुद्र होता. तो आटत गेला आणि मिठाबरोबर जिप्समच्या जातीचे, गंधकानं भरलेले थर मागं राहिले. त्यांच्यावर पुढं कोळशाचे थर साचले. खालून आलेला तापलेला रस या थरांत घुसला आणि त्यांतला गंधक त्यानं गिळला. मग मर्यादा ओलांडायला कितीसा वेळ लागणार!

यावर कोणी विचारेल की पंचवीस कोटी वर्षांपूर्वीची ही चोरी आज कशी सिद्ध करता? पुरावे दोन आहेत. गंधकाचे हलके आणि जड असे प्रकार असतात. पृथ्वीच्या खोल पोटातून आलेल्या गंधकात त्यांचं प्रमाण ठरावीक असतं. समुद्राच्या क्षारांतल्या गंधकात जड प्रकार जास्त असतो. नोरिल्स्कच्या धातुकातला गंधक मोजला तर तो जड निघतो. म्हणजे माल बाहेरचा. दुसरा पुरावा वर, डोंगरात आहे. तिथल्या लाव्ह्याच्या थरांपैकी 'नादेझ्दिन्स्की' नावाच्या थरांत निकेल, तांबं आणि प्लॅटिनम यांचा खडखडाट आहे. इतर थरांत जे असायला हवं, तेच इथून नाहीसं झालेलं. वरच्या तिजोरीतून गेलेला ऐवज खाली सापडावा, तसा हा हिशेब जुळतो. रशियन भाषेत 'नादेझ्दा' म्हणजे आशा. हे नाव लक्षात ठेवा, ते पुन्हा येणार आहे.

आपल्या दख्खनमध्ये मात्र असा साठा आजवर हाती आलेला नाही. लाव्हा मुबलक होता, पण लाव्हा असणं पुरेसं नाही. योग्य वेळी, योग्य जागी गंधक भेटावा लागतो. धाकट्या भावाला लेणी आणि काळी माती मिळाली. थोरल्याला धातू मिळाले. कोण नशीबवान, हे पुढची हकीकत ऐकून आपणच ठरवा.

जगात अशा धातूंची आणखीही मोठी ठिकाणं आहेत आणि प्रत्येकाची जन्मकथा वेगळी. कॅनडातल्या सडबरीला सुमारे १८५ कोटी वर्षांपूर्वी आकाशातून एक भला मोठा गोळा आदळला. त्या धक्क्यानं जमीनच वितळली आणि त्या रसातून गंधकाचे थेंब खाली बसले. १८८३ मध्ये रेल्वेचा मार्ग खोदताना तो गंजलेला दगड लोकांच्या नजरेत आला. दक्षिण आफ्रिकेतल्या बुशवेल्डचा साठा २०५ कोटी वर्षांचा. तिथं प्लॅटिनमचा पातळ थर मैलोन् मैल पसरला आहे. १९२४ मध्ये हान्स मेरेन्स्की यांनी तो शोधून काढला. जगातलं बहुतांश प्लॅटिनम आज तिथून येतं. त्याच पट्ट्यातल्या मारिकाना इथं १६ ऑगस्ट २०१२ रोजी पगारवाढीसाठी संपावर गेलेल्या ३४ खाणकामगारांना पोलिसांनी गोळ्या घातल्या. धातू कुठलाही असो, त्याची किंमत बाजारात लिहिलेली असते त्याहून जास्त असते.

पुन्हा नोरिल्स्कला येऊ. हा भाग उत्तर ध्रुववृत्ताच्याही वर, सुमारे तीनशे किलोमीटर आत. हिवाळ्यात पारा शून्याखाली पन्नासपर्यंत उतरतो आणि दीड महिना सूर्य उगवतच नाही. रेनडिअर पाळणारे नेनेत्स, डोल्गान, न्गनासान असे लोक इथले मूळचे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात येनिसेई नदीकाठच्या दुदिन्का गावातल्या सोत्निकोव्ह या व्यापारी घराण्यानं इथलं तांबं गाळून पाहिलं. भट्टीला विटा हव्या होत्या, म्हणून गावातलं विटांचं चर्च उतरवून त्या विटा वापरल्या, असं सांगतात. म्हणजे या धातूनं पहिलं काय मागितलं, तर देवाचं घर.

मग आला निकोलाय उर्वान्त्सेव्ह. १८९३ चा जन्म, तोम्स्कमध्ये शिकलेला तरुण भूशास्त्रज्ञ. १९१९ मध्ये तो प्रथम इथं पोचला, त्याच सोत्निकोव्ह घराण्यातल्या अलेक्सांद्र या मित्राबरोबर. रशियात यादवी युद्ध पेटलं होतं. हा मित्र गोऱ्या सैन्यातला अधिकारी. पुढच्याच वर्षी तो बोल्शेविकांच्या गोळ्यांना बळी पडला. उर्वान्त्सेव्ह मात्र परत परत येत राहिला. १९२१ मध्ये त्यानं तिथं ओंडक्यांचं एक घर बांधलं आणि त्यात हिवाळा काढला. ते नोरिल्स्कमधलं पहिलं घर. दगडात निकेल आणि तांब्याबरोबर प्लॅटिनमही आहे, हे त्याच्या नमुन्यांतून कळलं. १९२२ मध्ये तर त्याला किनाऱ्यावर आमुंडसेन यांच्या मोहिमेची हरवलेली टपालाची पुडकी सापडली. ती घेऊन निघालेले दोन नॉर्वेजियन खलाशी बर्फात मेले होते. नॉर्वे सरकारनं उर्वान्त्सेव्हला सोन्याचं घड्याळ देऊन त्याचा गौरव केला.

१९३५ मध्ये सोव्हिएत सरकारनं ठरवलं की इथं कारखाना उभारायचा आणि तो कैद्यांकडून उभारून घ्यायचा. अशी 'नोरिलाग' ही छावणी सुरू झाली. गोठलेल्या जमिनीत कुदळीनं खड्डे खणायचे, पाया घालायचा, रूळ टाकायचे. १९५१ च्या सुमारास तिथं सत्तर हजारांहून जास्त कैदी होते. चोर होते, तसेच प्राध्यापक, इंजिनिअर, खगोलशास्त्रज्ञ, शेतकरी, धर्मगुरूही होते. दुसऱ्या महायुद्धात रणगाड्यांच्या पोलादाला निकेल लागत होतं. १९४२ पासून इथलं शुद्ध निकेल आघाडीच्या कामी येऊ लागलं. फॅसिझमशी लढणारं पोलाद गुलामांच्या हातून घडत होतं. ही विसंगती नजरेआड करून त्या काळाचा इतिहास सांगता येत नाही.

आणि उर्वान्त्सेव्ह? १९३८ मध्ये त्यालाही अटक झाली. आधी कझाखस्तानातली छावणी, मग थेट नोरिल्स्क. ज्या डोंगराची संपत्ती त्यानं देशाला दाखवली, त्याच डोंगराच्या पायथ्याशी तो कैदी म्हणून आला. तिथंही त्यानं भूशास्त्रज्ञाचं काम केलं. १९४५ मध्ये सुटका झाली, १९५४ मध्ये तो निर्दोष असल्याचं सरकारनं मान्य केलं. तो १९८५ मध्ये लेनिनग्राडमध्ये वारला. त्याचा रक्षाकलश नोरिल्स्कला नेऊन ठेवला आहे. या माणसाला त्या गावाचा राग का आला नाही, हा प्रश्न मी स्वतःला बऱ्याचदा विचारला. मला वाटतं, त्याच्या लेखी दगड आणि छावणी या दोन वेगळ्या गोष्टी असाव्यात. दगडानं त्याला फसवलं नव्हतं.

स्तालिन ५ मार्च १९५३ रोजी गेला. मे महिन्याच्या अखेरीस नोरिल्स्कच्या राजकीय कैद्यांनी काम बंद केलं. मागण्या काय होत्या? आठ तासांचा दिवस. घरी पत्र लिहिण्याची मुभा. रात्री बराकींना कुलूप नको. कपड्यांवर शिवलेला नंबर काढून टाका. यात राज्य मागितलेलं नाही, सूड मागितलेला नाही. फक्त आम्हाला नावानं हाक मारा, इतकंच. दोन महिन्यांहून जास्त चाललेला हा संप शेवटी गोळ्यांनी मोडला. पण छावणीचे दिवस भरले होते. १९५६ मध्ये नोरिलाग बंद झाली. श्मिद्तिखा नावाच्या डोंगराच्या पायथ्याशी मेलेल्या कैद्यांना पुरलं जाई. आज तिथं स्मारकं आहेत. आख्मातोवाचा मुलगा वाचला. १९४३ मध्ये त्याची शिक्षा संपली, तो सैन्यात गेला, बर्लिनपर्यंत पोचला, आणि १९४९ मध्ये पुन्हा पकडला गेला. त्या आईची रांग संपता संपत नव्हती.

आज नोरिल्स्क पावणेदोन लाख वस्तीचं शहर आहे. उरलेल्या देशाशी जोडणारा रस्ता नाही, रेल्वे नाही. विमानानं जायचं किंवा नदीनं. १९६० च्या दशकात जवळच्या ताल्नाख इथं आणखी मोठे साठे मिळाले आणि काम वाढलं. तातार, अझरबैजानी, दागेस्तानी कामगार आले. १९९८ मध्ये तिथं 'नूर्द कमाल' ही मशीद उघडली. जगातल्या सर्वांत उत्तरेकडच्या मशिदींपैकी ती एक. आमच्याकडे नमाजाच्या वेळा सूर्यावर ठरतात. जिथं सूर्य दीड महिना उगवत नाही आणि उन्हाळ्यात मावळत नाही, तिथं काय करायचं? फिकहच्या जाणकारांनी अशा मुलखासाठी तोड सांगितली आहे : जिथं दिवस-रात्र नीट होतात अशा जवळच्या ठिकाणाच्या किंवा मक्केच्या वेळा धरा. अंधारात राबणाऱ्या माणसानं दुसरीकडचा सूर्य उसना घ्यायचा, ही कल्पना मला फार आवडली.

पण त्या सूर्यावर धुराचं सावट आहे. धातुकातला गंधक भट्टीत जळतो आणि सल्फर डायऑक्साइड होऊन धुराड्यातून बाहेर पडतो. अगदी अलीकडेपर्यंत वर्षाला अठरा लाख टनांच्या आसपास हा वायू एकट्या नोरिल्स्कमधून निघत होता. वाऱ्याच्या दिशेनं हजारो चौरस किलोमीटरवरचं लार्च आणि स्प्रूसचं रान वाळून उभं राहिलं. २९ मे २०२० रोजी तिथल्या वीजकेंद्राची डिझेलची टाकी फुटली. टाकीखालची गोठलेली जमीन खचली होती. सुमारे एकवीस हजार टन डिझेल नद्यांत आणि जमिनीत गेलं. नद्या लाल झाल्या. कंपनीला पुढं १४६ अब्ज रूबलची भरपाई द्यावी लागली.

मंडळी, हा दूरदेशीचा धूर आपल्याशी संबंध नसलेला समजू नका. जगातल्या पॅलॅडियमपैकी सुमारे चाळीस टक्के तिथून येतं, आणि त्याचा मोठा वापर होतो गाड्यांच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये. आपल्याकडे १९९५ मध्ये चार महानगरांतल्या नव्या पेट्रोल मोटारींना तो सक्तीचा झाला. सायलेन्सरच्या वाटेवर बसवलेली ती मधाच्या पोळ्यासारखी जाळी धुरातलं विष कमी करते, आणि त्या जाळीवर पॅलॅडियम, प्लॅटिनम, ऱ्होडियमचा पातळ थर असतो. मुंबई-पुण्याच्या चौकात मुलांनी जरा बरी हवा घ्यावी म्हणून कुठंतरी एक रान वाळलेलं असतं. म्हणून गाड्यांना कन्व्हर्टर नकोत, असं मी म्हणणार नाही. ते हवेतच. पण स्वच्छता फुकट मिळते, हा समज मात्र सोडायला हवा. जुन्या कन्व्हर्टरमधला धातू परत काढता येतो. प्रत्येक वेळी नव्यानं डोंगर फोडण्यापेक्षा तो मार्ग बरा.

शहरातला जुना निकेल कारखाना २०१६ मध्ये बंद झाला. शहराबाहेर १९७९ पासून चालू असलेल्या मोठ्या कारखान्याचं नाव आहे 'नादेझ्दा', आशा. मघाशी ज्या थरांतून धातू नाहीसे झाले असं सांगितलं, त्यांचं नावही तेच. या कारखान्यात २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये गंधकाचा वायू पकडणारी यंत्रणा सुरू झाली. पकडलेल्या वायूचं आम्ल करायचं, त्यात चुनखडी घालायची आणि होणारं जिप्सम साठवून ठेवायचं, अशी तिची रीत.

जिप्सम! पंचवीस कोटी वर्षांपूर्वी शिलारसानं ज्या थरांतला गंधक उचलला, ते याच जातीचे होते. समुद्र आटून थर झाले, थरातला गंधक शिलारसात गेला, त्यानं धातू गोळा केले, धातूंनी माणसं गोळा केली, माणसांनी गंधक हवेत सोडला, आणि आता तो पुन्हा जिप्सम होऊन जमिनीकडे परतू लागला आहे. गंधकाला त्याची जागा परत देता येते. श्मिद्तिखाच्या पायथ्याशी जे झोपले आहेत, त्यांना त्यांचे दिवस परत देता येणार नाहीत. त्यांच्या कपड्यांवरचा नंबर काढून त्यांची नावं घेणं, एवढंच आपल्या हातात उरतं.